सौरडाग रोज कसे पाहावेत आणि सौरज्वालेचा अंदाज कसा बांधावा

२०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला सूर्याच्या पूर्व कडेवरून डागांचा एक गट आत आला. पहिले चार-पाच दिवस त्यात बघण्यासारखं फारसं नव्हतं. मग तो फुगू लागला, शेजारच्या गटाला भिडला, आणि ९ तारखेपर्यंत इतका पसरला की ग्रहणाचा चष्मा लावला तर दुर्बिणीशिवायही दिसत होता. त्याचा क्रमांक १३६६४. ८ ते १५ मे या आठवड्यात त्यातून एक्स या सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे डझनभर ज्वाला (साठलेली चुंबकीय ऊर्जा काही मिनिटांत बाहेर टाकणारे स्फोट) निघाल्या. १० मेच्या रात्री पृथ्वीवर जी-५ या सर्वोच्च पातळीचं भूचुंबकीय वादळ (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली मोठी खळबळ) आलं, ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच. लडाखमधल्या हानलेच्या आकाशात त्या रात्री लाल प्रकाश दिसला.

त्या आठवड्यात रोज सकाळी सूर्य बघणाऱ्याला हे सगळं आधीच्या दोन-तीन दिवसांत कळायला लागलं होतं. हा लेख त्या रोजच्या बघण्याबद्दल आहे. एक साधी दुर्बीण किंवा तीही नसली तर नुसता इंटरनेट असलेला फोन, एक वही आणि सकाळची वीस मिनिटं एवढ्यावर सुरुवात होते. माझं सांगणं एकच आहे आणि ते लेखभर येत राहील: डाग किती मोठा आहे यापेक्षा त्यात उलटसुलट चुंबकत्वाची सरमिसळ किती आहे, हे बघायला शिका.

आधी डोळे

सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी किंवा साध्या दुर्बिणीतून बघायचं नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे डोळा भाजत असताना काहीच जाणवत नाही. जाणवतं ते काही तासांनी, तेव्हा उशीर झालेला असतो. काजळी धरलेली काच, जुनी एक्स-रे फिल्म, सीडी, ताटातल्या पाण्यातलं प्रतिबिंब हे ग्रहणाच्या दिवशी घरोघरी चालणारे प्रकार आहेत. यातला एकही सुरक्षित नाही.

चष्मा घ्यायचा तर आयएसओ १२३१२-२ हे मानक त्यावर छापलेलं हवं, आणि घडी, चरा किंवा टाचणीएवढं छिद्र असलेला चष्मा फेकून द्यावा. वेल्डिंगची काच वापरायची तर १४ नंबरची. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत डोकावणं हा सर्वांत घातक गैरसमज आहे, कारण दुर्बिणीने एकवटलेलं ऊन तो चष्मा क्षणात जाळतो. दुर्बिणीचा फिल्टर नेहमी पुढच्या तोंडावर बसतो, जिथून ऊन आत शिरतं तिथे. आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) फिरकीने लावायचे छोटे काळे सौर फिल्टर जुन्या दुर्बिणींबरोबर येतात. ते उन्हाने तडकतात, वापरू नका.

आणि फाइंडरचं, म्हणजे लक्ष्य शोधायला नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचं, झाकण. मुख्य नळीला फिल्टर लावला, पण वरच्या छोट्या फाइंडरकडे लक्ष गेलं नाही, असं माझ्याकडून पहिल्याच आठवड्यात झालं. सदऱ्याच्या बाहीवर जळकं भोक पडलं. तिथे बाही होती म्हणून निभावलं. तेव्हापासून मी फाइंडर काढून घरातच ठेवतो. सूर्य शोधायला फाइंडर लागतही नाही. नळीची जमिनीवरची सावली लहान लहान होत गोल झाली की दुर्बीण सूर्यावर रोखलेली असते.

दुर्बीण आणि कागद

६० ते ८० मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण या कामाला पुरते. दोन मार्ग आहेत. पहिला, पुढच्या तोंडावर सौर फिल्म बसवून थेट बघणं. दुसरा, आयपीसमधून बाहेर येणारी सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडणं. ही युक्ती गॅलिलिओचा शिष्य बेनेडेत्तो कास्तेल्ली याची, आणि चारशे वर्षांनंतरही नवशिक्यासाठी तीच उत्तम, कारण चार जण एकाच वेळी बघू शकतात आणि पेन्सिलने थेट गिरवता येतं. मात्र हा प्रकार भिंगाच्या दुर्बिणीवरच करावा. आरशाच्या, बंद नळीच्या दुर्बिणीत आत उष्णता कोंडते. आयपीसही स्वस्तातला वापरावा. प्रतिमा पाडत असताना लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांना आयपीसजवळ फिरकू देऊ नये.

कागदावर १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखा आणि कागद मागेपुढे करून सूर्य त्यात बरोबर बसवा. हे माप ठेवण्याचा फायदा असा की सगळे हिशेब सोपे होतात. या वर्तुळावर पृथ्वी फक्त १.४ मिलिमीटरची, मोहरीच्या दाण्याएवढी. वर्तुळाच्या मध्याजवळ सूर्यावरचे १० अंश म्हणजे १३ मिलिमीटर आणि १५ अंश म्हणजे जेमतेम २० मिलिमीटर. हे दोन आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, पुढे लागतील.

वेळ सकाळची निवडा, साधारण साडेसात ते साडेनऊ. एकदा गच्चीची फरशी तापली की हवा उकळल्यासारखी थरथरते आणि लहान डाग पुसले जातात. गच्चीपेक्षा झाडं किंवा गवत असलेली जागा बरी.

प्रतिमा स्थिर झाली की कागद हलकेच एक-दोन सेंटिमीटर सरकवा. कागदाबरोबर सरकतो तो कागदावरचा ठिपका. सूर्याबरोबर जागेवर राहतो तो डाग, किंवा आयपीसवरची धूळ. मग आयपीस जागच्या जागी फिरवा. फिरतो तो धुळीचा कण. उरला तो डाग. हळूहळू डोळा बसला की प्रत्येक मोठ्या डागाचे दोन भाग दिसू लागतात: मध्ये गडद प्रच्छाया आणि भोवती फिकट, तंतुमय उपच्छाया. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन तापमानाचा, तर प्रच्छाया ४,००० केल्विनच्या आसपास. तिथलं चुंबकीय क्षेत्र दोन ते चार हजार गॉस, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट असतं. ते खालून वर येणारा तप्त वायू अडवतं, म्हणून तो भाग थंड आणि तुलनेने काळा.

पूर्व कुठे, पश्चिम कुठे

नवशिके इथे सर्वांत जास्त अडकतात, कारण आरसे, प्रिझम आणि कागद मिळून चित्र उलटंपालटं करतात. पाठांतर करू नका. दुर्बीण थांबवा आणि सूर्य आपोआप सरकू द्या. दृष्टिक्षेत्रातून जी कड आधी बाहेर जाते ती पश्चिम. मग नळी किंचित ध्रुवताऱ्याच्या दिशेने ढकला. आता जी कड आधी बाहेर जाईल ती दक्षिण. दोन खुणा केल्या की काम झालं.

फक्त लक्षात ठेवा, ही आकाशातली दिशा झाली. सूर्याचा स्वतःचा अक्ष तिच्याशी वर्षभरात दोन्ही बाजूंना २६ अंशांपर्यंत कललेला दिसतो. त्यामुळे तुमचं चित्र आणि उपग्रहाचं चित्र एकमेकांवर तिरपं बसलं तर चूक तुमची नाही.

डाग पूर्व कडेवरून येतात आणि पश्चिम कडेला मावळतात. दिवसाला सुमारे १३ अंश सरकतात. एक गट आपल्यासमोर साधारण तेरा-चौदा दिवस असतो. सूर्याची फेरी पृथ्वीवरून बघता सुमारे २७ दिवसांची.

मोजणी

डागांची मोजणी १९ व्या शतकाच्या मध्याला झुरिचच्या रुडॉल्फ वुल्फने घालून दिलेल्या रीतीने करतात: गटांची संख्या गुणिले दहा, अधिक एकूण डाग. चार गट आणि २३ डाग असतील तर आकडा ६३. एकच एकटा डाग असला तर ११. ब्रुसेल्सची रॉयल ऑब्झर्व्हेटरी जगभरच्या निरीक्षकांच्या नोंदींतून याचा अधिकृत आकडा काढते. तुमचा आकडा त्याहून कमी किंवा जास्त येईल आणि ते चालतं. महिनाभर तुमचं आणि त्यांचं गुणोत्तर एकसारखं राहिलं की तुमचा डोळा तयार झाला.

पण या आकड्यावरून उद्या ज्वाला होईल का ते कळत नाही. तो सौरचक्राची, म्हणजे सुमारे अकरा वर्षांत डाग वाढून पुन्हा कमी होण्याच्या चक्राची, भरती-ओहोटी सांगतो. सध्याचं २५ वं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ च्या उत्तरार्धात शिखरावर पोहोचलं. ओहोटीतही मोठ्या ज्वाला होतात. २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या प्रचंड ज्वाला चक्राचं शिखर ओसरल्यानंतरच्या आहेत.

सकाळी सहाची यादी

अमेरिकेच्या नोआ संस्थेचं अवकाश हवामान केंद्र रोज जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने, म्हणजे आपल्याकडे सकाळी सहाला, सूर्यावरच्या सर्व सक्रिय प्रदेशांची यादी काढतं. चहा होईपर्यंत ती वाचून होते. प्रत्येक ओळीत प्रदेशाचा क्रमांक, सूर्यावरचं स्थान, क्षेत्रफळ, तीन अक्षरी वर्ग, लांबी, डागांची संख्या आणि शेवटी चुंबकीय वर्ग असतो.

क्रमांक देण्याची ही पद्धत जानेवारी १९७२ पासूनची. २००२ मध्ये १०,००० चा आकडा ओलांडला. बोलताना पुढचा आकडा गाळतात, म्हणून १३६६४ ला बरेच जण ३६६४ म्हणतात. स्थान 'दक्षिण १८, पश्चिम २०' असं असेल तर तो गट विषुववृत्ताच्या १८ अंश खाली आहे आणि मध्यरेषा (दिसणाऱ्या सूर्याच्या मधोमधची उत्तर-दक्षिण रेघ) ओलांडून २० अंश, म्हणजे साधारण दीड दिवस पुढे गेला आहे. क्षेत्रफळ सूर्याच्या दर्शनी अर्धगोलाच्या दशलक्षांश भागांत देतात. असे सुमारे १७० भाग म्हणजे पृथ्वीचा सगळा पृष्ठभाग.

तीन अक्षरी वर्ग पॅट्रिक मॅकिंटॉश यांनी रूढ केला. पहिलं अक्षर गटाची घडण सांगतं. ए आणि बी म्हणजे उपच्छाया नसलेले किरकोळ डाग, एच म्हणजे एकटा उपच्छाया असलेला (बहुतेकदा म्हातारा, शांत) डाग, सी म्हणजे जोडीच्या एकाच टोकाला उपच्छाया. डी, ई आणि एफमध्ये दोन्ही टोकांना उपच्छाया असते. लांबी १० अंशांच्या आत असेल तर डी, १० ते १५ असेल तर ई, त्याहून जास्त असेल तर एफ. आता पुठ्ठ्यावरचे १३ आणि २० मिलिमीटर काढा आणि पट्टी लावून स्वतः ठरवा. दुसरं अक्षर सर्वांत मोठ्या डागाच्या उपच्छायेचं: के म्हणजे मोठी आणि वेडीवाकडी. तिसरं अक्षर आतल्या गर्दीचं: ओ विरळ, आय मध्यम, सी दाट. 'एफ-के-सी' दिसलं की त्या गटावर त्या दिवशी दोनदा नजर टाका. आधी आपला वर्ग वहीत लिहायचा आणि मगच यादी बघायची. उलट केलं तर डोळा शिकत नाही.

काळं-पांढरं चित्र

आता मुख्य भाग. दुर्बिणीतून डाग दिसतो, त्याचं चुंबकत्व दिसत नाही. ते बघायला नासाच्या एसडीओ या उपग्रहाची चुंबकीय चित्रं लागतात. फेब्रुवारी २०१० मध्ये सोडलेला हा उपग्रह दर काही मिनिटांनी सूर्याचं राखाडी चित्र पाठवतो. त्यात पांढरा ठिपका म्हणजे आपल्या दिशेने येणारं चुंबकीय क्षेत्र, काळा म्हणजे आपल्यापासून दूर जाणारं. चित्रं सर्वांसाठी खुली आणि मोफत आहेत.

साध्या गटात पांढरं एका बाजूला, काळं दुसऱ्या बाजूला, मध्ये मोकळी जागा. गोठ्यात दोन बैल दोन खुंट्यांना बांधावेत तसं. याला बीटा म्हणतात आणि बहुसंख्य गट असेच असतात. नुसता एकाच रंगाचा डाग असला तर अल्फा. काळं-पांढरं इतकं मिसळलेलं असलं की रेघ ओढून वेगळं करता येत नाही, तर गॅमा. आणि एकाच उपच्छायेच्या आत काळी आणि पांढरी अशा दोन्ही प्रच्छाया कोंबलेल्या असल्या तर डेल्टा. बीटा-गॅमा-डेल्टा असा जोडवर्ग यादीत दिसला की मोठ्या ज्वालेची शक्यता धरून चालायचं. एक्स श्रेणीच्या बहुतेक ज्वाला अशाच प्रदेशांतून निघतात.

कारण समजून घेतलं की वर्ग पाठ करावे लागत नाहीत. सूर्याच्या आतून क्षेत्राचे दोर वर येतात, आणि खालचा वायू त्यांची मुळं सतत हलवत, घासत, वळवत असतो. चऱ्हाट वळताना पीळ वाढत जातो तसा त्यात पीळ चढतो आणि ऊर्जा साठत जाते. उलट दिशांची क्षेत्रं जवळजवळ दाबली गेली की एका क्षणी दोर तुटून नव्याने जोडले जातात आणि साठलेली ऊर्जा काही मिनिटांत बाहेर पडते. तीच ज्वाला. म्हणून काळं आणि पांढरं जिथे अंगाला अंग लावून उभं असतं ती सीमारेषा शोधायची. ती लांब, धारदार आणि नागमोडी असेल तर जोर तिथे आहे. दोन रंगांमध्ये राखाडी पट्टा रुंद असेल तर फारसं भ्यायचं कारण नाही.

एकच चित्र बघून थांबू नका. कालचं, परवाचं आणि आजचं अशी तीन चित्रं शेजारी ठेवा आणि स्वतःला विचारा: सीमारेषेजवळ नवं काळं-पांढरं उगवलं का? दोन्ही बाजू एकमेकींना घासत विरुद्ध दिशांना सरकतायत का? की जुनेच ठिपके विरत चाललेत? गेल्या २४ ते ४८ तासांत जिथे झपाट्याने नवं क्षेत्र वर आलंय, तो गट विरत चाललेल्या दुप्पट मोठ्या गटापेक्षा जास्त धोक्याचा.

एक सावधगिरी. कडेजवळ, मध्यरेषेपासून साधारण ६० अंशांच्या पलीकडे, तिरक्या नजरेमुळे खोटे रंग दिसतात. पांढऱ्या डागाची लांबची बाजू काळी दिसू लागते आणि नवशिक्याला वाटतं डेल्टा मिळाला. कडेवरच्या गटाबद्दल चुंबकीय चित्रावरून काहीही ठरवू नका.

मोठा गट आणि लहान गट

ऑक्टोबर २०१४ मध्ये १२१९२ क्रमांकाचा गट आला. क्षेत्रफळ २,७५० दशलक्षांश, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सोळापट. गेल्या कैक वर्षांत एवढा गट कुणी पाहिला नव्हता. त्याने एक्स श्रेणीच्या सहा ज्वाला दिल्या, पण त्यांपैकी एकीबरोबरही सूर्यावरचं द्रव्य अवकाशात फेकलं गेलं नाही. वरचं क्षेत्र इतकं भक्कम होतं की उद्रेक खालीच कोंडले गेले. पृथ्वीवर मोठं वादळ आलंच नाही.

उलट, २०१७ च्या ऑगस्टअखेरीस १२६७३ हा एक साधा, गोल, एकटा डाग पूर्वेकडून आला. चक्र ओसरत होतं, कुणी लक्ष द्यावं असं काही नव्हतं. ३ सप्टेंबरनंतर त्याच्या अंगाला लागून नवं क्षेत्र विलक्षण वेगाने वर आलं, दोन दिवसांत त्याचा डेल्टा झाला, आणि ६ सप्टेंबरला एक्स ९.३ची ज्वाला निघाली. ती त्या संपूर्ण चक्रातली सर्वांत मोठी ठरली. या दोन गटांची जुनी चित्रं उघडून रोज एक दिवस पुढे सरकत बघा. मला वाटतं, दहा लेख वाचून जे कळत नाही ते या दोन आठवड्यांच्या चित्रांतून कळतं.

क्ष-किरणांचा आलेख

ज्वाला झाली हे कळतं नोआच्या गोज उपग्रहांच्या क्ष-किरण आलेखावरून. श्रेण्या पाच: ए, बी, सी, एम, एक्स. प्रत्येक पुढची श्रेणी आधीच्या दहापट. एक्स १ म्हणजे दर चौरस मीटरला एका वॉटचा दहा हजारावा भाग. एक्सच्या पुढे अक्षर नाही, आकडाच वाढत जातो. ४ नोव्हेंबर २००३ ची ज्वाला मोजताना उपग्रहाची मोजपट्टी संपली होती. ती एक्स २८ धरली जाते.

आलेखात दोन गोष्टी बघा. पहिली, शांत वेळेची तळरेषा. ती बी पातळीवरून सीकडे चढलेली असेल तर सूर्य तापला आहे. दुसरी, शिखरानंतरचा उतार. काट्यासारखी टोकदार, दहा मिनिटांत वर जाऊन खाली आलेली ज्वाला बहुतेकदा तिथेच संपते. तासन्‌तास रेंगाळत उतरणारी ज्वाला मात्र सहसा सूर्यावरचं द्रव्य बरोबर घेऊन निघालेली असते.

ज्वालेचा प्रकाश आणि क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत आपल्यापर्यंत येतात. ज्वाला आणि ज्वालेची बातमी एकाच वेगाने प्रवास करतात, त्यामुळे झाल्यावर सावध करायला वेळच उरत नाही. लघुलहरी रेडिओवर बोलणाऱ्यांचा संपर्क त्याच क्षणी तुटतो, आणि तोही फक्त पृथ्वीच्या ज्या बाजूला दिवस असतो तिथेच. एम १ला सौम्य, एक्स १ला जोरदार. म्हणून अंदाज आधीच बांधावा लागतो.

अंदाज लिहिणं

'आज ज्वाला होईल' किंवा 'होणार नाही' असं लिहू नका. टक्के लिहा. आणि खिडकी ठरवा: आज सकाळी ९ ते उद्या सकाळी ९, एम श्रेणीची किंवा त्याहून मोठी किमान एक ज्वाला.

प्रत्येक गटासाठी आधी त्याचा इतिहास घ्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ज्याने काल ज्वाला दिली तो आजही देण्याची शक्यता जास्त. गेल्या दोन दिवसांत एका गटातून एम श्रेणीची एक ज्वाला झाली असेल, तर सरासरी दिवसाला अर्धी. अशा सरासरीवरून 'किमान एक' होण्याची शक्यता ३९ टक्के येते. सरासरी दिवसाला एक असेल तर ६३ टक्के, दोन असतील तर ८६, आणि दहा दिवसांत एक असेल तर साधारण १०. हे चार आकडे पुरतात.

मग चुंबकीय चित्र बघून हा आकडा हलवा. डेल्टा तयार होतोय, सीमारेषेवर नवं क्षेत्र उगवतंय, तर वाढवा. गट विरतोय, उपच्छाया फाटतेय, तर कमी करा. सुरुवातीला दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त हलवू नका. नवशिक्याचा हात नेहमी वरच्या दिशेने जातो, कारण ज्वाला व्हावी असं आपल्याला मनातून वाटत असतं.

सगळ्या गटांचे आकडे नुसते बेरीज करू नयेत. तीन गटांची शक्यता २०, १० आणि ५ टक्के असेल तर 'काहीच न होण्याची' शक्यता ०.८ गुणिले ०.९ गुणिले ०.९५, म्हणजे ०.६८. उरलेले ३२ टक्के हा तुमचा दिवसाचा अंदाज. आता नोआने टक्क्यांत दिलेला अंदाज उघडा आणि शेजारी लिहा.

दुसऱ्या दिवशी गुण द्या. अंदाज ३० टक्के होता आणि ज्वाला झाली नाही, तर ०.३ चा वर्ग, ०.०९. झाली, तर ०.७ चा वर्ग, ०.४९. कमी गुण चांगले. महिन्याची सरासरी काढा आणि तीच सरासरी 'काल जे झालं तेच आज होईल' एवढंच म्हणणाऱ्या काल्पनिक माणसासाठीही काढा. पहिले दोन महिने तो माणूस तुम्हाला हरवेल. केंद्रांमधले अनुभवी लोकही या साध्या नियमाला सहज मागे टाकू शकत नाहीत, इतकं हे काम अवघड आहे.

कडेआड काय आहे

अंदाज चुकण्याची मोठी जागा पूर्व कड. पलीकडून काय येतंय ते दुर्बिणीत दिसत नाही, पण एसडीओच्या अतिनील चित्रांत कडेवर उंच, उजळ कमानी दिसू लागल्या की मागे मोठा गट आहे. सूर्याच्या पृष्ठभागावरच्या कंपनांवरून पलीकडच्या बाजूचा अंदाज घेणारे नकाशेही रोज निघतात. ही कंपनं मोजणाऱ्या जगभरच्या सहा केंद्रांपैकी एक उदयपूरला आहे. आणि वहीत २७ दिवस मागे जा. १३६६४ मे महिन्याच्या मध्याला पश्चिमेला मावळला आणि महिनाअखेरीस १३६९७ या नव्या क्रमांकाने परतला. २७ मे रोजी, कडेवरून पुरता वर येण्याआधीच, त्या बाजूने एक्स श्रेणीची ज्वाला दिसली होती.

ज्वालेनंतर

ज्वालेबरोबर सूर्यावरचं द्रव्य निघालं असेल तर ते पृथ्वीपर्यंत यायला साधारण एक ते तीन दिवस घेतं. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या कृत्रिम ग्रहणाच्या (सूर्याची तबकडी झाकून घेतलेल्या) चित्रांत सूर्याभोवती सगळीकडून पसरणारं वलय दिसलं आणि गट मध्यरेषेजवळ असला, तर ते आपल्या दिशेने येतंय. वादळ खरंच जोर धरणार का, हे मात्र ते द्रव्य पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूजवळ (जिथे याने उभी राहून सूर्य बघतात) पोहोचेपर्यंत नक्की सांगता येत नाही. त्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल तर वादळ. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेने उभारली, आणि २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स ६.३ श्रेणीची ज्वाला तिने टिपली.

या कामात आपल्या किनाऱ्याचं नाव फार जुनं आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन कागदावर पाडलेल्या सूर्याच्या प्रतिमेतले डाग गिरवत असताना त्याला दोन झळाळते ठिपके दिसले. ती माणसाने पाहिलेली पहिली सौरज्वाला. साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळलं, आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या क्षेत्राची क्षितिजसमांतर तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याची नोंद झाली. त्या वादळाचा जोर आज ठरवायचा तर जगभरचे अभ्यासक याच नोंदीकडे वळतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमाप बिघडेल म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. ते आजही तिथे चालू आहे, पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली.

वही

रोजच्या नोंदीत तारीख, वेळ (भारतीय आणि जागतिक प्रमाणवेळ दोन्ही, साडेपाच तासांचा फरक धरून), हवेची स्थिती, गट, डाग, वुल्फचा आकडा, प्रत्येक गटाचा तुमचा वर्ग, टक्के, आणि दुसऱ्या दिवशीचा निकाल एवढं पुरे. निकाल कळल्यावर जुना आकडा खोडायचा नाही.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे गच्चीवरून फार थोडे दिवस मिळतील. तेव्हा उपग्रहाच्या चित्रांवरून अंदाज चालू ठेवा, पण मोजणीचा रकाना कोरा सोडू नका. तिथे 'ढग' लिहा. शून्य डाग दिसणं आणि सूर्यच न दिसणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि दोन वर्षांनी सरासरी काढायला बसाल तेव्हा कोऱ्या रकान्यावरून ते ओळखता येत नाही.